एकच पेपर, पण खिसे वेगळे

इंजिनीअरिंग-मेडिकलच्या प्रवेश परीक्षांबद्दल काहीजण म्हणतात की सगळ्यांना एकच पेपर, एकच कटऑफ, मग अन्याय कुठे? पेपर एकच, कबूल. पण आयआयटीसाठीच्या जेईई अॅडव्हान्स्डला लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच संधी, आणि एमबीबीएससाठीच्या नीट-यूजीला कितीही वेळा बसा. म्हणजे ज्याच्या बापाला लातूरची खोली, मेस आणि क्लासची फी तिसऱ्या वर्षीही झेपते, त्याला तिसरा डाव. ज्याच्या बापाला झेपत नाही, तो पहिल्याच निकालानंतर गपगुमान बीएस्सीला जातो. त्याची हुशारी तिथेच मोजून झाली!

आणि आरक्षणाचं नाव निघालं की ज्यांना मेरिट आठवतं, ते २०२३ साली कुठे होते? नीट-पीजीचा, म्हणजे डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा, कटऑफ सगळ्याच प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणला गेला, परीक्षेला बसलेला जवळपास प्रत्येकजण पात्र. का, तर जागा रिकाम्या राहत होत्या. तेव्हा गुणवत्तेचा बळी गेल्याची ओरड फारशी कानावर आली नाही.

तमिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळांतल्या मुलांसाठी वैद्यकीयच्या ७.५ टक्के जागा ठेवल्या, तीही नीट पात्र झालेल्यांतूनच. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्यांसाठी असं काही करायला हरकत काय आहे, हे जरा सांगा.