लासोटा पाजूनही मानमोडीनं कोंबड्या गेल्या, लस खराब होती का?

पांढरं_सोनं_यवतमाळ
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातला, कापसाची शेती न जोडीला कोंबड्या. मागच्या वर्षी गावरान ११० पिल्लं होती, सातव्या दिवशी लासोटा पाजली तरीबी दिवाळीनंतर मानमोडी आली न चार दिवसात ७० च्या वर गेल्या. हिरवी-पांढरी हगवण, मान उलटी फिरून पाठीवर, दाणा टिपायला गेली का चोच भलतीकडेच पडे, पाहवत नव्हतं. बायको म्हणते लस नसती दिली तर तेवढे पैसे तरी वाचले असते. आता पोळ्याच्या आधी १५० पिल्लं आणून राहिलो. लसी कोणकोणत्या, कितव्या दिवशी, आणि ठेवायच्या कुठं ते सांगा, काहून का आमच्या इथं लाईन सहा-सहा तास राहत नाही, फ्रीजचं कपाट झालं आहे. मागच्या वर्षीची एक न फोडलेली बाटली त्यात पडून आहे, ती चालते का?

वर्धेकर_शेळीकोंबडी
भाऊ आधी हे सांगा, लस आणली कशी न पाजली कशी?

पांढरं_सोनं_यवतमाळ
तालुक्याच्या दुकानातून. त्यानं पेपरात गुंडाळून दिली, मी शर्टाच्या खिशात घातली, मधात बहिणीच्या घरी जेवून घेतलं न संध्याकाळी घरी. सकाळी नळाच्या पाण्यात मिसळून परातीत ठेवली, दिवसभर पीत होत्या.

वर्धेकर_शेळीकोंबडी
अरे बाप्पा. म्हणजे तुम्ही कोंबड्यांना औषधाच्या वासाचं पाणी पाजलं. खिशातच मेली ना लस, उरलीसुरली असेल ती नळाच्या ब्लीचिंगनं मारली 😀 हसून राहिलो म्हणून रागावू नका, मी पण पहिल्या वर्षी हेच केलं होतं.

निवृत्त_पर्यवेक्षक
तीस वर्षं पशुधन विभागात गेली, त्यामुळे थोडं लांबेल.

लासोटा ही जिवंत लस आहे, मानमोडीचाच (कागदोपत्री राणीखेत) विषाणू पण कमजोर जातीचा. तो जिवंत कोंबडीत गेला तरच काम होतं आणि उन्हात, गरमीत तो मरतो. मेला की बाटलीकडे पाहून कळत नाही, रंग तोच, गोळी तीच, म्हणून दुकानदार निवांत असतो आणि आपणही. २ ते ८ अंशात ठेवायची, दुकानातून निघाल्यापासून पिल्लाच्या डोळ्यात पडेपर्यंत. दुसरा प्रकार मारलेल्या विषाणूची तेलातली लस, ती जास्त करून अंड्याच्या मोठ्या फार्मवाल्यांची. तिचं दुखणं वेगळं, ती गोठली की वाया. लोक बर्फाचा नुसता सपाटा लावतात आणि तीही फ्रीझरमध्ये ढकलतात.

आता वेळापत्रक. पिल्लं आणताना हॅचरीत मरेक्सची (पाय-पंख लुळे पाडणारा रोग) लस पहिल्या दिवशी दिली का ते विचारा, ती घरी देण्यासारखी नाही. ५ ते ७ व्या दिवशी लासोटा (किंवा एफ-१, तीही मानमोडीचीच), डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. १४ व्या दिवसाच्या आसपास गम्बोरोची लस, हा पिल्लांची प्रतिकारशक्ती पाडणारा रोग. चौथ्या आठवड्यात लासोटाचा बूस्टर. तुमचा इथंच घोटाळा झाला, एका डोसवर दिवाळीपर्यंत कोंबडी टिकत नाही. ६-८ आठवड्यांत देवीची लस, पंखाच्या पडद्यात दोन सुयांनी टोचतात, आठवड्यानं तिथं गाठ किंवा खपली दिसली पाहिजे, नाही दिसली तर लस लागली नाही असं समजा. ही एकच लस अशी की जी स्वतःहून सांगते. मग ८ आठवड्यांच्या पुढं आरटूबी, तीही मानमोडीचीच जिवंत लस, अर्धा मिली कातडीखाली. ही लासोटापेक्षा कडक आहे, म्हणून लहान पिल्लाला आणि आधी लासोटा न घेतलेल्याला टोचू नका, पाय लुळे पडतात. अंड्यावर आलेल्या कोंबडीलाही नको, अंडी घटतात. दिवस थोडे मागेपुढे होतात, तुमच्या दवाखान्यात विचारून पक्कं करा. आणि लशीच्या आठवडाभर आधी जंताचं औषध द्या.

डोळ्यात टाकायची तर सोबत मिळणाऱ्या पातळ करायच्या पाण्यातच मिसळा आणि थेंब आत मुरेपर्यंत पिल्लू हातात धरा, लगेच सोडलं तर ते मान झटकतं न लस तुमच्या चेहऱ्यावर. डोळ्यात गेली तर दोन-तीन दिवस डोळे लाल होतात, स्वानुभव.

गावरान_अंडी_गोंदिया
मला तर वाटते लसच रोग आणते. शेजाऱ्याच्या कोंबड्या शिंकून राहिल्या होत्या, लस दिली न तिसऱ्या दिवशी सगळ्या साफ.

निवृत्त_पर्यवेक्षक
शिंकून राहिल्या होत्या म्हणता ना, मग रोग आधीच शिरला होता. लशीचा असर यायला आठ-दहा दिवस लागतात. आजारी कोंबडीला लस कधीच नाही, कळपात एकीला जरी हगवण लागली तरी थांबा, ती वेगळी करा आणि डॉक्टरला बोलवा. आठवडी बाजारातून आणलेली नवी कोंबडी पंधरा दिवस वेगळ्या खुराड्यात ठेवा, मानमोडी तिच्यासोबतच घरात येते.

पशुसखी_आरमोरी
दादा, फ्रीजचं टेन्शन कशाला घेता? आमच्या गावात कोणाकडेच धड फ्रीज नाही तरी चालते. १०० डोसची बाटली फोडली की बर्फावर ठेवूनही दोन तासांत संपवायला लागते, आणि एकेका घरी वीस-पंचवीस कोंबड्या. म्हणून आम्ही बचत गटाच्या बायका एक दिवस ठरवतो. आदल्या दिवशी दवाखान्यात निरोप, सकाळी सहाला थर्मासमध्ये बर्फ टाकून लस आणायची, बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत, नाहीतर ओलसर होऊन लेबल निघून जाते. मग ऊन चढायच्या आत घरोघर. सहाला जायचं काहून तर तेव्हा कोंबड्या डालग्याखालीच असतात, नऊ वाजता गेलं का एक झाडावर, एक कोणाच्या वाडीत.

पाण्यातून द्यायची तर नळाचं पाणी नको, विहिरीचं घ्या, आणि लिटरमागं ५ ग्रॅम स्किम मिल्क पावडर टाका, राहिलासाहिला क्लोरीन ती खाते. आधी एक-दोन तास पाणी बंद (उन्हाळ्यात एकच तास), मग तासा-दोन तासांत संपेल एवढंच पाणी, सावलीत. धातूची परात नको, प्लास्टिकचं भांडं.

वर्धेकर_शेळीकोंबडी
ताईचं लेबलवालं लई खरं. माझ्या थर्मासात एकदा लासोटा न आरटूबी दोन्ही होत्या, बर्फ वितळला, लेबलं पोहून राहिली होती. कोणती कोणाची कळेना, दोन्ही फेकल्या.

पांढरं_सोनं_यवतमाळ
सगळ्यांचे आभार, काका न ताईंचे खास. फ्रीजातली ती जुनी बाटली बाहेर काढली तर मुदत मार्चमध्येच संपली होती, आणि सोबतचं पातळ करायचं पाणी फ्रीझरमध्ये दगड झालं होतं. उकळत्या पाण्यात टाकून दोन्ही खड्ड्यात पुरल्या, बायको उभी राहून पाहत होती. गावात चार घरं तयार झाली, सगळ्यांची मिळून २१० पिल्लं होतात, म्हणजे २०० ची बाटली दहानं कमी पडते. काका, थोडं पातळ करून २१० मध्ये बसवली तर चालन का?

निवृत्त_पर्यवेक्षक
नाही. १०० ची एक जास्तीची घ्या, शेजारच्या वस्तीवर आणखी पिल्लं निघतीलच.