मदत हवी आहे: मॅग्नेटिक मोमेंट २.८३ हवा, ४.९० येतोय

घाईत: तीनदा करून झालं. दोन इलेक्ट्रॉन काढले, ऑर्बिटलांचे (इलेक्ट्रॉनांच्या जागांचे) चौकोन भरले, चार एकटे (जोडीविना) उरतात, त्यांच्यावरूनच मोमेंट (चुंबकत्वाचं माप) काढायचा. उत्तरात २.८३ आहे. छपाईची चूक का? लवकर सांगा.

कार्बनकॉपी: अहो, कुठला आयन?

घाईत: निकेल. २+ च असणार ना.

कार्बनकॉपी: मग छपाई बरोबर आहे. निकेल म्हणजे ३डी८ ४एस२ (शेवटचा आकडा इलेक्ट्रॉनांचा). तुम्ही ३डी मधले दोन काढलेत. उरलं ३डी६ ४एस२, म्हणजे ३डी त एक जोडी नि चार एकटे. सूत्र √(एकटे × (एकटे + २)), म्हणून √(४×६) = ४.९०. काढायचे ४एस मधले. ३डी८ उरतं, तीन जोड्या, दोन एकटे: √(२×४) = २.८३.

बाणवाला: तिरप्या बाणांचा तक्ता (कुठलं ऑर्बिटल आधी भरतं ते दाखवणारा) काढा, सगळं सुटतं.

कार्बनकॉपी: त्या तक्त्यानेच तर घात केलाय.

बाणवाला: शेवटी आला तो आधी जाणार. यात चूक काय?

न्यूक्लिअस२८: तक्ता भरण्याचा क्रम दाखवतो; एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे सरकताना केंद्रकात प्रोटॉनही एकेक वाढतो. आयन करताना प्रोटॉन २८ चे २८ च राहतात, म्हणून ही भरण्याची उलटी वाट नव्हे. स्कँडियमपासून ३डी आत ओढलं जाऊन ४एस च्या खाली जातं. बाहेरचं ४एस आधी रिकामं होतं.

पिवळाधूर: क्रोमियम विसरू नका, ३डी५ ४एस१! पॅलेडियममध्ये तर ५एस रिकामंच, ४डी१०.

न्यूक्लिअस२८: क्रोमियमचं कुणी विचारलं?

पिवळाधूर: बरं, निकेलचं घ्या. अष्टफलकीय (भोवती सहा जोडलेले) संयुगांत प्रत्यक्ष मोजलं तर २.९ ते ३.३ मिळतं. सूत्र फक्त इलेक्ट्रॉनांचा स्पिन धरतं, केंद्रकाभोवतीच्या त्यांच्या गतीचा वाटा नाही.

घाईत: २.८३ आलं. पण पुढच्याच ओळीत शून्य दिलंय, तेही निकेलच.

कार्बनकॉपी: सोबत काय जोडलंय?

घाईत: चार सायनाइड. आधीच्यात चार क्लोराइड होते. त्याने फरक पडतो?

कार्बनकॉपी: हे आधी सांगायचं होतं! दोन्हीकडे ३डी८ च. क्लोराइड इलेक्ट्रॉनांना जोडी करायला लावण्यात दुबळा, रचना चतुष्फलकीय, दोन एकटे तसेच राहतात. सायनाइड जोरकस, रचना सपाट चौकोनी. आठही इलेक्ट्रॉन चार ऑर्बिटलांत जोडीने बसतात, पाचवं रिकामं होऊन डीएसपी२ संकरणात (एक डी, एक एस, दोन पी मिसळून बंधांसाठी) जातं. एकटा कुणीच नाही, म्हणून शून्य.

बाणवाला: तरी तक्ता एकदा काढून बघा.

घाईत: आणि कोबाल्टचं शून्य का?

कार्बनकॉपी: चार्ज किती, सोबत काय?