अनुभव धागा: एक्स्चेंज प्रोग्रॅमचा व्हिसा, कुठे अडलं आणि कसं सुटलं?

भाचीची एका सेमिस्टरसाठी परदेशी विद्यापीठात निवड झाली आहे. गेले चार दिवस ती फोन करकरून मला एकेक प्रश्न विचारते आहे. माझा अनुभव जुना, तोही एकाच देशाचा, म्हणून हा धागा काढते. नियम वकिलातीच्या संकेतस्थळावर असतातच. तिथे नसतं ते इथे लिहा: कुठला कागद अडला, खिडकीपलीकडून काय विचारलं गेलं, तुम्ही काय बोलून बसलात.

सुरुवात माझ्यापासून. मी अमेरिकेला जे-१ वर, म्हणजे एक्स्चेंजवाल्यांच्या व्हिसावर, गेले होते. त्यात सगळं डीएस-२०१९ या फॉर्मवर उभं असतं आणि तो तिकडची संस्था पाठवते. माझ्या फॉर्मवर मधलं नाव गळलं होतं, पासपोर्टवर मात्र होतं. म्हटलं, एवढ्याने काय होतंय! सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकी सरकारी यंत्रणा) २२० डॉलर फी भरली, डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात नाव पासपोर्टप्रमाणे लिहिलं, आणि कागदोपत्री मी दोन माणसं झाले. मुलाखतीला नऊ दिवस उरले तेव्हा घाबरून विद्यापीठाला मेल केली. त्यांनी दुरुस्त फॉर्म पाठवला. सेव्हिस क्रमांक तोच राहिला, म्हणून फी पुन्हा भरावी लागली नाही. मुलाखत तीन मिनिटांत आटोपली, नावाबद्दल चकार शब्द नाही.

तिकिटाचा धडाही सांगून ठेवते. प्रोग्रॅम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी जे-१ वर आत घेत नाहीत. मी स्वस्त मिळालं म्हणून ३४ दिवस आधीचं काढलं होतं.

*

मला पहिल्यांदा नकार मिळाला होता. बाई हसून बोलत होत्या, मीही सैलावलो. "प्रोग्रॅम संपल्यावर काय करणार?" मी म्हणालो, "बघू, तिकडेच काही चांगलं मिळालं तर..." वाक्य संपायच्या आत माझं मलाच कळलं.

पासपोर्ट आणि एक छापील चिठ्ठी हातात आली: कलम २१४(बी). तुम्ही मायदेशी परताल हे अधिकाऱ्याला पटलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो ठपका नाही, कायमची बंदीही नाही. अपील मात्र नसतं, नव्याने अर्ज आणि व्हिसाची फी पुन्हा. (सेव्हिसची फी त्याच गटात १२ महिन्यांच्या आत पुन्हा अर्ज केला तर भरावी लागत नाही. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, वाचून कळलं.) दुसऱ्या वेळी नवा कागद एकच नेला: पदवीचं शेवटचं वर्ष बाकी आहे आणि तिकडचे क्रेडिट इथे धरले जातील, असं माझ्या विभागाचं पत्र. ही गोष्ट पहिल्या वेळीही खरीच होती, मी ती सांगितली नव्हती. आधी नकार मिळालाय का, या प्रश्नापुढे सरळ 'हो' लिहा. त्यांच्याकडे नोंद असतेच.

*

चष्मा काढा. नोव्हेंबर २०१६ पासून अमेरिकी व्हिसाच्या फोटोत चष्मा चालत नाही. मला २०१९ मध्येही ठाऊक नव्हतं. परत फोटो, परत फेरी.

*

अमेरिकेतलं माझं संशोधनाचं वर्ष जे-१ वर, सरकारी शिष्यवृत्तीवर झालं. प्रोग्रॅम संपता संपता तिथल्याच प्रयोगशाळेने नोकरी देऊ केली, आणि मग मी व्हिसाच्या स्टिकरवरची ती बारीक ओळ वाचली. कलम २१२(ई), म्हणजे आधी मायदेशी एकूण दोन वर्षं राहायचं, मगच एच-१बी किंवा एल हे नोकरीचे व्हिसा किंवा ग्रीन कार्ड. पर्यटक म्हणून जायला आडकाठी नसते. आपल्या सरकारच्या ना-हरकत पत्रावर सूट मागता येते, पण पैसा अमेरिकी सरकारचा असेल तर ती सहसा मिळत नाही. मी दोन वर्षं काढली. नियमाबद्दल तक्रार नाही; शिकून घरी परतावं म्हणूनच हा व्हिसा आहे. राग माझाच मला येतो, कारण तीच माहिती डीएस-२०१९ च्या तळाशीही होती आणि त्यावर मी सही ठोकून मोकळी झाले होते.

*

जर्मनी, एक सेमिस्टर. पैशाचा पुरावा म्हणून 'श्पेरकोंटो', म्हणजे बंद खातं. माझ्या वेळी महिन्याला ९९२ युरो, वर्षाचे ११,९०४. मी सहाच महिने जाणार होतो, तर रक्कम सहाची की बाराची, यातच दोन आठवडे गेले. सहाची चालली. बरोबरच्या मुलीच्या शिष्यवृत्तीच्या पत्रात दरमहाचा आकडा स्पष्ट होता, तिला खातं लागलंच नाही. खात्यातून पैसे महिन्याच्या हप्त्यानेच सुटतात. घराची अनामत त्यात भागत नाही, ती वेगळी ठेवा.

एक एजंट मला म्हणाला, शेंगेन पर्यटक व्हिसा काढ, तिकडे जाऊन बदलू. असल्या माणसापासून लांब राहा. ९० दिवसांवर राहायचं तर 'डी' व्हिसा, आणि तो निघण्याआधीच काढायचा.

*

मुलगी सोळाव्या वर्षी शाळेच्या एक्स्चेंजवर गेली. (जे-१ च्या या गटात वय किमान १५, जास्तीत जास्त साडेअठरा.) मी एकटी पालक, त्यामुळे दुसऱ्या पालकाच्या संमतीच्या काळजीने महिनाभर झोप नव्हती. शेवटी ताब्याबद्दलचा न्यायालयाचा आदेश फाइलमध्ये ठेवला. मुलाखतीत कोणी मागितला नाही, विमानतळावर मागितला.

मुलाखतीत अधिकाऱ्याने विचारलं, कोणाकडे राहणार? मी तोंड उघडलं, त्यांनी हातानेच थांबवलं. लेकीला यजमान कुटुंबाचं आडनाव धड उच्चारता येईना. पण त्यांचे दोन कुत्रे आहेत आणि थोरल्याला ऐकू येत नाही, हे तिने अगदी रंगवून सांगितलं. व्हिसा मिळाला.

*

जपानचं उलटं आहे. मुख्य कागद, पात्रता प्रमाणपत्र, विद्यापीठच तिथल्या इमिग्रेशनकडून मिळवतं. सगळे त्याला सीओई म्हणतात. माझ्या वेळी दोन महिन्यांवर लागले. सीओई निघाल्यापासून तीन महिन्यांत तिकडे पोचावं लागतं.

माझी फजिती पुढे झाली. सुट्टीत चार दिवस कोरियाला निघालो होतो. विमानतळावर एक चिठ्ठी भरायची असते. त्यात 'परत येणार' या चौकटीत खूण केली की रेसिडेन्स कार्डावर वर्षाच्या आत परतता येतं. नाही केली तर तुम्ही जपान सोडलंत असं धरतात, मग पुन्हा सीओईपासून. माझी चौकट कोरी होती. खिडकीतल्या आजोबांनी चिठ्ठी परत सरकवली, पेनाचं टोक चौकटीवर टेकवलं आणि काही न बोलता माझ्याकडे बघत बसले.

*

धागा काढणारी पुन्हा एकदा. भाचीचा डीएस-२०१९ आज आला. मधलं नाव आहे. जन्मतारीख चुकली म्हणून तिने रडवेला फोन केला, पण चुकलेली नाही. ते लोक महिना आधी लिहितात, दिवस नंतर.