मदत हवी आहे - लेकीचा दुसरा वाढदिवस आणि घरात १९ माणसं

नमस्कार, आम्ही कराडला एकत्र कुटुंबात राहतो, सासू-सासरे, आजेसासूबाई, दोन दीर, जावा, त्यांची मुलं असे १९ जण. पुढच्या रविवारी माझी लेक २ वर्षांची होतेय. पहिल्या वाढदिवसाला ६०-७० पाहुणे, हॉल, मोठ्याने गाणी, त्यात फुगा फुटला आणि बाळ जे रडायला लागलं ते औक्षण होईपर्यंत थांबलंच नाही, तिचे ते फोटो बघून मला अजून वाईट वाटतं.

आता तर तिला स्वतःचं मत आलंय. सगळं "मीच कलनाल". चप्पल उलटी घालेल पण आपण हात लावायचा नाही, कोणी न विचारता उचललं की अंग ताठ करते. आजेसासूबाईंपाशी मात्र तासभर गवारीच्या शेंगा मोडत शांत बसते! मला तिचा हा स्वभाव खूप आवडतो पण घरात "हट्टी झालीये" असं म्हणतात.

यंदा घरीच, गच्चीवर, तिची दुपारची झोप झाल्यावर ५ वाजता करावं असं वाटतंय. औक्षण आधी, केक नंतर. खायला शिरा आणि मऊ इडली, कारण इतक्या लहान मुलांच्या घशात अख्खे शेंगदाणे, द्राक्षं अडकू शकतात.

तर प्लीज सांगा, आत्याबाई, मामंजी अशा मोठ्या माणसांना "तिला लगेच उचलू नका, ती येईल तुमच्याकडे" हे कसं सांगायचं की त्यांना राग येणार नाही? मी सांगावं का नवऱ्याने? आणि फुग्यांऐवजी काय लावता तुम्ही?