आजोबांचा काळा रूळ आबनुसाचा की शिसवाचा? आणि टेंभुर्णीशी आबनुसाचे नाते काय?

पंचवटीकर: नमस्कार. पंचवटीतील आमच्या जुन्या घराची आवराआवर करताना आजोबांचा रूळ सापडला. आजोबा कारकून होते आणि खतावणीत ओळी आखण्यासाठी ते हाच रूळ वापरीत, असे आत्या सांगतात. रूळ पूर्ण काळा आहे, हाताला गार लागतो आणि आकाराच्या मानाने फारच जड आहे. एका टोकाला केसासारख्या दोन बारीक चिरा आहेत. घरात सगळे त्याला आबनुसाचा म्हणत आले, परंतु एका परिचितांच्या मते तो शिसवाचा आहे. हे कसे ठरवावे? शिवाय हरसूलकडच्या रानातील टेंभुर्णी म्हणजेच आबनूस, असेही ऐकले. तसे असेल, तर आपल्याकडे टेंभुर्णीच्या काळ्या लाकडाच्या वस्तू का दिसत नाहीत?

रानवाटा: मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. आबनूस आणि टेंभुर्णी ही एकच झाडे नव्हेत, पण ती सख्खी भावंडे आहेत. दोन्ही डायोस्पायरॉस या प्रजातीतील असून तिच्यात जगभर सातशेहून अधिक जाती आहेत. खरा आबनूस, म्हणजे डायोस्पायरॉस एबेनम, दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत वाढतो; आपली टेंभुर्णी ती डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. गंमत अशी, की या ग्रीक नावाचा अर्थच 'काळे लाकूड' असा आहे. बाजारात महाग मिळणारे पर्सिमॉन हे फळही याच कुळातले. या फळांच्या देठाशी वांग्याच्या टोपीसारखा जो जाड निदलपुंज (फुलाचे बाहेरचे हिरवे आवरण) चिकटून राहतो, तो एकदा नीट पाहिला की हे कुळ पुन्हा चुकत नाही. नर आणि मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात, त्यामुळे एखादी टेंभुर्णी वर्षानुवर्षे फुलूनही तिला फळ धरत नाही.

शिसव मात्र अगदी वेगळ्या, शेंगा धरणाऱ्या कुळातला आहे. त्याचाच एक आफ्रिकी नातेवाईक इतका काळा असतो, की प्राचीन इजिप्तमध्ये ज्याला 'एबनी', म्हणजे आबनूस, म्हणत ते बहुतांशी त्याचेच लाकूड होते. तेव्हा या दोन लाकडांच्या नावांचा घोळ फार जुना आहे, आपल्या परिचितांना दोष देता येणार नाही.

कातारी: आमच्या घरी तीन पिढ्या कातकामाच्या आहेत. रूळ पाण्यात टाकून पाहू नका, जुने पॉलिश पांढरे पडेल. त्याऐवजी व्यास आणि लांबी मोजून घनफळ काढा आणि वजनाला त्याने भागा. शिसवाचे उत्तर साधारण 0.85 च्या आसपास येते, आबनुसाचे एकाच्या वर जाते, म्हणूनच आबनूस पाण्यात बुडतो. त्यानंतर टोकाचा छेद भिंगातून पाहा: शिसवाची छिद्रे नुसत्या डोळ्यांनाही दिसतात आणि रंगात जांभळट-तपकिरी रेघा असतात, तर आबनुसाचा पोत इतका बारीक असतो की तो घोटलेल्या दगडासारखा दिसतो. साधे लाकूड काळे रंगवून आबनूस म्हणून विकण्याची चालही पूर्वीपासून आहे. मात्र अशा लाकडावर चिरेच्या कडेला सुईने हलकेच खरवडले की आतला फिका रंग बाहेर येतो. चिरांची काळजी करू नका. हे लाकूड सुकताना चिरतेच, म्हणून आम्ही ते अतिशय सावकाश वाळवतो.

पेठकर: आमच्या पेठ तालुक्यात टेंभुर्णी पुष्कळ आहे. साल काळी आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी खपल्यांची असते. लहानपणी वाऱ्याने पडलेली एक म्हातारी टेंभुर्णी वडिलांनी कापली, तेव्हा बाहेरचे लाकूड फिकट गुलाबी होते आणि मधोमध मनगटाएवढा काळा गाभा, तोही वेडावाकडा आणि काही ठिकाणी पोकळ. झाडाच्या मध्यभागी गडद द्रव्ये साचत जाऊन हा गाभा काळा होतो आणि त्याला कित्येक दशके लागतात. इतक्या थोड्या काळ्या लाकडातून वस्तू कशा होणार? टेंभुर्णीचे मोल तिच्या पानात आहे. तोडलेल्या झाडाच्या मुळांतून भराभर धुमारे फुटतात आणि उन्हाळ्यात त्यांवर येणारी कोवळी पाने विडीसाठी उत्तम ठरतात, कारण ओलवली की ती न फाटता वळतात आणि वाळल्यावर सावकाश जळतात. राज्यात पानांचा मोठा हंगाम गडचिरोली, गोंदियाकडे असतो, पण विड्या वळणारे हात आपल्या सिन्नरमध्ये आहेत. पिकलेले पिवळे टेंभूर मात्र एकदा तरी खाऊन पाहा. कच्चे खाल्ले तर जीभ आखडते.

पंचवटीकर: सर्वांचे मनःपूर्वक आभार. रूळ 30 सेंटीमीटर लांब, व्यास 3 सेंटीमीटर, म्हणजे घनफळ सुमारे 212 घनसेंटीमीटर. किराणा दुकानातील काट्यावर वजन 240 ग्रॅम भरले, म्हणजे उत्तर 1.13 आले. चिरेच्या आत सुईने खरवडले तेव्हा काळी भुकटीच निघाली. आत्यांना फोन करून सांगितले आहे.