तुम्हाला 'तेरे घर के सामने' कुठे भेटला?

धागाकर्ती
या सिनेमाची गाणी पाठ असतात पण सिनेमा पाहिलेला नसतो, अशी माणसं भरपूर. मीही त्यातलीच. रफीचं कुतुबमिनारवालं गाणं विविध भारतीवर इतकं ऐकलं होतं की त्याच्या आगेमागे काही गोष्ट असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. गेल्या रविवारी अख्खा सिनेमा पाहिला. १९६३चा, विजय आनंदचा. गोष्ट म्हणाल तर चिमूटभर. दिल्लीतल्या दोन हट्टी बापांचं आपसात वैर, दोघांनाही घरं बांधायची आहेत, दोन्ही कामं एकाच आर्किटेक्टकडे. हा आर्किटेक्ट एकाचा मुलगा आणि दुसऱ्याच्या मुलीवर त्याचा जीव. खलनायक नाही, बंदूक नाही, शेवटी कुणी मरतही नाही.

मी गुंतले ती नूतनच्या ऐकण्यात. देव आनंद गातो तेव्हा ती काही 'करत' नाही. हसू येतं, ते दाबते, पुन्हा फुटतं. गाणं म्हणणारे नट पुष्कळ पाहिले. गाणं ऐकणारी अशी नटी क्वचित.

तुम्हाला हा किंवा असा एखादा कृष्णधवल प्रेमपट कधी आणि कुठल्या जागी भिडला? 'जुनं ते सोनं' कृपया नको. नेमकी जागा सांगा.

सोलापूरकर
आमच्या घरी सगळेच सिनेमे कृष्णधवल होते, कारण टीव्हीच तसा होता! 'गाईड' रंगीत आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. देव आनंदच्या नवकेतन या निर्मितीसंस्थेचा तो पहिला रंगीत सिनेमा, 'तेरे घर के सामने'नंतर दोनच वर्षांनी आलेला. पण आमच्या खोलीत दोघांचा रंग एकच.

'तेरे घर के सामने' दूरदर्शनवर रविवारी संध्याकाळी लागला होता. वाड्यातली झाडून सगळी मंडळी जमलेली. आमचे काका आणि शेजारचे गृहस्थ मधल्या भिंतीवरून वर्षानुवर्षं बोलत नव्हते, तेही एकाच सतरंजीवर, दोन टोकांना. पडद्यावर ओमप्रकाश आणि हरींद्रनाथ चट्टोपाध्याय जमिनीच्या लिलावात एकमेकांना खिजवायला बोली चढवत होते आणि इकडे दोन्ही टोकांना खसखस पिकली होती. (भिंतीचं भांडण मिटलं नाही. सिनेमाने असलं काही होत नसतं.) हे हरींद्रनाथ म्हणजे सरोजिनी नायडूंचे धाकटे भाऊ, स्वतः कवी. हे नंतर समजल्यावर त्यांचा तो चिडका बाप मला आणखीच आवडायला लागला.

प्रेमकथा तेव्हा माझ्या डोक्यावरूनच गेली. आवडले ते म्हातारे.

वास्तुरेखा, नाशिक
व्यवसायाने आर्किटेक्ट आहे, त्यामुळे माझं बघणं तिरकं. हिंदी सिनेमात नायक आर्किटेक्ट असला की तो हातात कागदाची सुरळी घेऊन फिरतो, एवढंच. इथे घर हा विषयच आहे. त्या काळातली दिल्ली, नव्या वसाहती आखल्या जाताहेत, चंदीगड उभं राहतंय, परदेशात शिकून आलेल्या पोराला नव्या धर्तीचं घर बांधायचंय आणि समोर बसलेल्या क्लायंटला समोरच्यापेक्षा भारी पाहिजे. माझ्या निम्म्या मीटिंगा आजही अशाच असतात.

कुतुबचा जिना मात्र खरा नाही. आतली जागा कॅमेऱ्याला पुरण्यासारखी नव्हती म्हणून तो स्टुडिओत बांधला. माझं मन त्या खोट्या जिन्यानेच जिंकलं. दोघं गोल गोल उतरताहेत, वळणावळणावर उजेड बदलतोय, चेहरे झळकतात, पुन्हा सावलीत जातात. हेच रंगीत असतं तर माझी नजर कपड्यांवर गेली असती. इथे ती दगड, उजेड आणि नूतनची मान यांच्यावर राहते.

दिल्लीवासी
वरच्या जिन्यावरून आठवलं. आम्ही पिढीजात दिल्लीकर मराठी. पाहुणे आले की कुतुब दाखवायला न्यायचं काम माझ्याकडे, आणि गाणं ऐकून आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, "वर जाता येतं का?" नाही. ४ डिसेंबर १९८१ला आतले दिवे गेले, अंधारात चेंगराचेंगरी झाली आणि चाळीसहून जास्त माणसं गेली. त्यात शाळेच्या सहलीला आलेली मुलं बरीच. तेव्हापासून जिना बंद आहे.

आई लग्न होऊन साताऱ्याहून इथे आली ती त्याच्या आधी. ती वर चढलेली आहे. तिच्या मते आत कोंदट, पायऱ्या झिजलेल्या, आणि देव आनंदसारखं झुलायला गेलं तर डोकंच आपटायचं. हे गाणं लागलं की ती दरवेळी ऐकवते, "खोटं आहे हो सगळं," आणि हातातलं काम टाकून शेवटपर्यंत बघते. मी सिनेमा बघायला लागले ती आईला बघता बघता.

परखड
मला नाही भिडला. राजेंद्रनाथचा विनोद सोसत नाही, उत्तरार्ध रबरासारखा ताणलाय, आणि नायक खोटं बोलून दोन्ही घरांत वावरतो ते सगळ्यांनी गोड मानून घ्यायचं. गाणी उत्तम. ती रेडिओवर ऐकतो.

धागाकर्ती
@परखड, उत्तरार्धाबद्दल सहमत. पण शीर्षकगीत रेडिओवर निम्मंच कळतं! देव आनंद बारमध्ये बसलाय आणि त्याच्या ग्लासात इवलीशी नूतन गातेय. ग्लासात बर्फ पडतो तशी ती गारठते, मग तो बिचारा बर्फ काढून टाकतो. आजचा संगणक हाताशी नसताना हे सुचणं आणि जमणं, दोन्हीला दाद. शिवाय सगळी गाणी हसरतची. हसरत जयपुरी म्हटलं की शंकर-जयकिशनच आठवतात, इथे बर्मनदांबरोबर त्याची लेखणी किती हलकी झालीय!

मावशीची भाची
मी आधी नूतनचा 'बंदिनी' पाहिला होता, मावशीबरोबर, फिल्म सोसायटीत. बाहेर पडल्यावर दोघीही बोलेनात. मग मावशी म्हणाली, "आता हिला हसताना बघ," आणि घरी आल्यावर हा सिनेमा लावला. दोन्ही १९६३चे! तिकडे बिमल रॉयांची कल्याणी, कैदी, सगळं आत गिळणारी. त्या भूमिकेसाठी तिला फिल्मफेअर मिळालं. इकडे ही भावाशी भांडणारी, प्रियकराची फिरकी घेणारी पोरगी. चेहरा एकच, आणि दोन्हीकडे मेकअपचा आधार जवळजवळ नाही.

मावशीचं नूतनप्रेम थोडं जातीयच म्हणा, शोभना समर्थांची लेक म्हणजे 'आपल्यातली'. मला ते महत्त्वाचं वाटत नाही. मला पटलं ते एवढंच की हलकीफुलकी भूमिका करणं तिला कमी दर्जाचं वाटलेलं नाही. अशा भूमिकांना पुरस्कार मिळत नाहीत हा भाग वेगळा.

आणि हो, सिमल्याच्या रात्री तिला हुडकत फिरणारा देव आनंद. त्या गाण्यात ती जवळपास नाहीच, तरी सगळं तिच्याबद्दल आहे. माझी जागा ती.

चिपळूणहून
वाचून हेवा वाटला, आजच बघतो. फक्त एक विचारायचं होतं. देव आनंदचाच कृष्णधवल 'हम दोनो' २०११मध्ये रंगवून पुन्हा लावला तसा हाही रंगवावा असं कुणाला वाटतं का? माझं मत सांगून टाकतो. लहानपणी आमच्या टीव्हीपुढे ती प्लास्टिकची रंगीत काच लावलेली असायची, वर निळी, खाली हिरवी. बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी. आजोबा अभिमानाने लोकांना सांगायचे, "आमच्याकडे कलर आहे." माझी रंगांची हौस तिथेच फिटली.