चेहरा जमतो, मानेखाली सगळं ताठ होतं. पात्रांची शरीरं काढायला कुठून सुरुवात करू?

कोरा_कागद
नमस्कार. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही दिल्या होत्या. त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षं पेन्सिल बाजूलाच राहिली. आता भाचीसाठी छोटी चित्रगोष्ट करतेय. पात्रं तीन: नऊवारीतली आजी, दहा वर्षांची नात आणि एसटीचा कंडक्टर. चेहरे मनासारखे येतात, पण अंग काढलं की तिघंही सावधानमध्ये उभी राहतात. नात तर लहान मूल वाटतच नाही, बुटकी बाई वाटते. हाडं-स्नायूंचं जाडजूड पुस्तक घेऊ की ऑनलाइन कोर्स करू? रोज अर्धा तास मिळतो.

फळा_खडू
बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली. स्मरणचित्रात मुलं आधी डोकं काढायची, मग खाली सरकत जायची आणि पावलांना कागद उरायचा नाही. म्हणून डोक्याची आणि टाचेची खूण आधी करा. मोठ्या माणसात त्या दोन खुणांच्या मध्यावर जांघ येते. प्रत्यक्षात माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो, चित्रात सोयीसाठी आठ धरतात. हात खाली सोडला की कोपर कंबरेशी, मनगट जांघेशी आणि बोटं अर्ध्या मांडीवर येतात.

नातीचं दुखणं इथेच आहे. दहा वर्षांचं मूल सुमारे साडेसहा डोक्यांचं असतं, नुकतं जन्मलेलं बाळ चार डोक्यांचं. तुम्ही मोठ्या बाईचंच माप लहान केलंय. डोकं तेवढंच ठेवून उंची कमी करा, मान बारीक करा, खांदे अरुंद करा.

ओळंबा
सरांची मापं अचूक आहेत, पण मी ती दुसऱ्या महिन्यात शिकायला सांगेन. अ‍ॅनिमेशनमध्ये काम करतो. नवीन मुलांची चित्रं ताठ होतात कारण कुठल्या पायावर भार आहे हे ठरवायच्या आधीच ती बाह्यरेषा ओढतात.

विठ्ठल आणि मुरलीधर आठवा. विठ्ठल समचरण: दोन्ही पायांवर सारखा भार, म्हणून खांदे आणि कंबर सरळ. मुरलीधर त्रिभंगात: एका पायावर भार, त्या बाजूची कंबर वर, त्याच बाजूचा खांदा खाली, मान पुन्हा उलट कललेली. तुमची तिन्ही पात्रं विठ्ठलासारखी उभी आहेत. त्यांच्या कंबरेची आणि खांद्यांची रेघ एकमेकींविरुद्ध तिरकी करून बघा.

रोजचा अर्धा तास असा घालवा: दहा चित्रं तीस सेकंदांची, दहा एक मिनिटाची, उरलेला वेळ एकाच चित्राला. आधी डोक्यापासून भाराच्या पायापर्यंत एकच वाहती रेघ. तिच्यावर बरगड्यांचं अंडं, कंबरेचा डबा, मग हातपाय. खोडरबर नको. कागद रद्दीतला चालेल, पाठकोरे प्रिंटआउट उत्तम. शेवटी गळ्याच्या खाचेतून ओळंबा सोडल्यासारखी उभी रेघ ओढा. एका पायावर उभा माणूस असेल तर ती त्या पावलावर यायला हवी, नाहीतर तो पडतोय असं दिसतं. कंडक्टरचं मात्र वेगळं. चालत्या गाडीत तो सीटच्या कडेला कंबर टेकवून दोन्ही हातांनी तिकीट काढतो. त्याचा थोडा भार सीट उचलते, म्हणून रेघ पावलाबाहेर गेली तरी चालेल. सीट काढायला विसरू नका.

निऱ्या
नऊवारीबद्दल. आधी साडीशिवाय पाय काढा, अगदी काड्यांचे चालतील. कासोटा दोन पायांमधून मागे खोचलेला असतो, त्यामुळे मांडी-पोटरीचा आकार कळतो आणि पाय चुकले की लगेच दिसतं. चुण्या मनाने पसरू नका. कापड जिथे खोचलंय किंवा ताणलंय, तिथूनच त्या निघतात.

आजीचा पोक दाखवायला नुसती पाठ वाकवली तर ती पुढे कोसळेल. डोकं पुढे आलं की कंबर थोडी मागे जाते आणि गुडघे किंचित वाकतात. माझ्या आजीला भाजी निवडून उठताना बघत मी हे शिकले.

फळा_खडू
ओळंबा, क्रमाबद्दल तुमचं पटलं. मापं मागाहून तपासायला ठेवावीत.

कोर्सबद्दल: माझ्या भाच्याने पैसे भरले, पहिला महिना गोळे-शंकूंच्या छायेतच गेला. आत्ता नको. त्यापेक्षा रविवारी एसटी स्टँडवर तासभर बसा. वाट बघणारी माणसं बराच वेळ एका जागी असतात.

कोरा_कागद
बारा दिवस केलं. स्टँडवरही गेले. आता नात खांबाला टेकून उभी आहे आणि ती खरंच टेकली आहे! आजी अजून डळमळते. आता तळहात फार लहान येतात.

ओळंबा
स्वतःचा तळहात चेहऱ्यावर ठेवा. हनुवटीपासून जवळजवळ कपाळाच्या केसांपर्यंत पोहोचतो. पाऊलही लहान पडत असणार: ते कोपराच्या घडीपासून मनगटापर्यंत भरतं. आजीचा फोटो टाका, ओळंबा मी लावून देतो.